ब्रिस्टलमधलं साखरेचं घर

अठराव्या शतकातली इंग्लिश शहरी घरं हा माझ्या पीएचडीचा विषय. तो सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: घरांत एवढं काय शोधायचं? आज एकाच घरावरून सांगते.

ब्रिस्टल शहरात ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवर ७ नंबरचं घर आहे. वास्तुकार विल्यम पेटी, बांधकाम १७९०च्या आसपासचं. मालक होता जॉन पिनी, कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावर उसाचे मळे असलेला व्यापारी. सध्या तिथे 'जॉर्जियन हाऊस' नावाचं संग्रहालय आहे.

रस्त्यावरून बघाल तर घर साधंच वाटतं. घडीव दगडाची सपाट भिंत, एका ओळीत खिडक्या, नक्षी जवळजवळ नाहीच. मालकाकडे पैसे कमी होते म्हणून नव्हे, तीच तेव्हाची अभिरुची होती. आधीच्या भरगच्च सजावटीला विटलेल्या पिढीनं ग्रीक-रोमन इमारतींकडून खांब तर घेतलेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रमाण घेतलं. या काळातल्या घरांच्या खिडक्या नीट बघा. दिवाणखान्याच्या मजल्यावर त्या सर्वांत उंच असतात, वर जाल तशा बुटक्या होतात. अगदी वर, छपराखाली, सहसा नोकर झोपायचे. म्हणजे कोणाचा मान किती, ते बाहेरूनच मोजता येतं!

तळघरात स्वयंपाकघर आणि धुण्याची खोली आहे. शिवाय माणूस उतरेल एवढा थंड पाण्याचा हौदही आहे. गार पाण्यात डुंबणं तब्येतीला चांगलं, असं तेव्हाचे डॉक्टर सांगत. हौद मालकाचा, तो घासायचा कोणी, हे वेगळं सांगायला नको. शेकोट्यांचंही तेच. कोळसा वर न्यायचा, राख खाली आणायची, तीसुद्धा पाहुण्यांच्या नजरेआड. वरचा शांत, नेटका डौल खालच्या अशा धावपळीवर उभा असायचा.

पण नुसता नकाशा वाचून भागत नाही. पिनी हिशेबाला फार चोख होता आणि त्याच्या वह्या-पत्रं ब्रिस्टल विद्यापीठात जपलेली आहेत. नकाशात खोल्या दिसतात, वह्यांत माणसं. १७६५ साली पिनीनं नेव्हिसवर पेरो नावाचा १२ वर्षांचा मुलगा विकत घेतला. सोबत त्याच्या दोन धाकट्या बहिणीही, नॅन्सी आणि शीबा. १७८३मध्ये पिनी कुटुंब इंग्लंडला परतलं, तेव्हा पेरो मालकाचा खासगी नोकर म्हणून बरोबर आला. बहिणी नेव्हिसवरच राहिल्या. त्याच जहाजप्रवासात फॅनी कोकरही होती, शिवणकाम शिकलेली. तिला १७७८मध्येच गुलामीतून मुक्त केलं होतं. पेरोला मात्र मुक्ती मिळालीच नाही. १७९८ साली तो वारला.

वास्तुकलेच्या पुस्तकांत या घराबद्दल लिहिताना प्रमाण, दगड, छताचं काम एवढंच येतं, तेव्हा मला ते अर्धवट वाटतं. भिंतीचा एकेक दगड उसाच्या पैशातून आलाय आणि ऊस तोडणाऱ्यांना मजुरी नव्हती. हा हिशेब बांधकामाचाच भाग आहे.

घरापासून चालत काही मिनिटांवर बंदरात पादचाऱ्यांसाठी एक पूल आहे, १९९९ सालचा. त्यावर दोन मोठे शिंगासारखे कर्णे आहेत. शोभेचे वाटतात, पण बोटींसाठी पुलाचा मधला भाग उचलताना तोल सांभाळायचं काम तेच करतात. पुलाचं नाव 'पेरोज ब्रिज'.