मार्कलिस्ट वाचताना : भाग ५
साडेआठ की आठ?

मागच्या भागात क्रेडिट म्हणजे काय ते पाहिलं. आठवड्याला एक तास थिअरी किंवा दोन तास प्रॅक्टिकल, असं सेमिस्टरभर चाललं की एक क्रेडिट. पण हे क्रेडिट मार्कलिस्टवर नेमकं काय काम करतं, हे मुलांना फारसं कुणी सांगत नाही.

बीएस्सीच्या पहिल्या वर्षातली एक मुलगी निकालानंतर माझ्याकडे आली ती फेरतपासणीचा अर्ज भरूनच. "मॅडम, माझा पॉइंटर साडेआठ यायला हवा. इथे आठच छापलाय." वहीच्या शेवटच्या पानावर तिनं हिशेब मांडला होता. आठ विषयांचे ग्रेड पॉइंट ८, ५, ७, १०, ९, १०, १०, ९. बेरीज ६८, भागिले ८, उत्तर ८.५. बेरजेत चूक नव्हती, भागाकारातही नव्हती. पण क्रेडिटच्या रकान्याकडे तिनं बघितलंच नव्हतं.

आम्ही दोघी तिथेच बसलो आणि प्रत्येक ग्रेड पॉइंट त्या विषयाच्या क्रेडिटनं गुणला. भौतिकशास्त्र ४ क्रेडिटचं, त्यात ८, म्हणजे ३२. गणितही ४ क्रेडिटचं, पण तिथे तिला ५ मिळालेले, म्हणजे २०. रसायनशास्त्र ४ गुणिले ७, २८. बाकीचे पाच विषय, म्हणजे दोन प्रॅक्टिकल, इंग्रजी, पर्यावरण आणि योग, प्रत्येकी २ क्रेडिटचे. त्यांचे २०, १८, २०, २० आणि १८. सगळे मिळून १७६. क्रेडिटची बेरीज २२. १७६ भागिले २२, बरोबर ८. ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली.

भाजीवाल्याकडून दोन किलो कांदे आणि पाव किलो मिरची घेतली तर सरासरी भाव काढताना आपण दोन्ही दर मिळवून दोननं भागत नाही. किती किलो घेतलं ते बघतो. क्रेडिट म्हणजे ते वजन. तिच्या दहा-दहाच्या ग्रेड हलक्या विषयांत होत्या आणि पाच नेमके जड विषयात.

मग मी तिला उलटं विचारलं. इंग्रजीत दहाऐवजी नऊ आले असते तर? २ पॉइंट कमी, म्हणजे ७.९१. आणि गणितात पाचाऐवजी सात आले असते तर? ८ पॉइंट वाढले असते, ८.३६. हे गणित पहिल्या सेमिस्टरच्या आधी समजलं असतं तर तिनं दिवाळीनंतरचे दिवस वेगळे घालवले असते. कॉलेजांनी हे पहिल्याच आठवड्यात फळ्यावर करून दाखवायला हवं, असं मला फार वाटतं. मार्कलिस्टच्या मागे बारीक अक्षरात तक्ता छापून ते होत नाही.

४ क्रेडिटच्या विषयात नापास होऊन केटी लागली की हेच वजन उलटं बसतं. यूजीसीच्या पट्टीत 'ओ' ला १०, 'पी' म्हणजे नुसतं पास झाल्यास ४ आणि 'एफ' ला थेट शून्य. शून्यानं गुणलं की वरची बेरीज घटते, पण खाली भागाकारात ते ४ क्रेडिट तसेच उभे राहतात. काही विद्यापीठं तर केटी सुटेपर्यंत एसजीपीए, म्हणजे त्या सेमिस्टरचा पॉइंटर, छापतच नाहीत.

सगळ्या सेमिस्टरचा मिळून सीजीपीए काढतानाही तीच रीत. २२ क्रेडिटला ८ आणि १८ क्रेडिटला ७ असेल तर उत्तर साडेसात नव्हे, ७.५५. दोन्हीकडे क्रेडिट सारखे असतील तरच साधी सरासरी चालते.

आता घराघरांतला प्रश्न : "पण टक्के किती?" आजी-आजोबांना टक्के कळतात, नोकरीच्या फॉर्मवरही तोच रकाना असतो. इथे मात्र सावध राहा. मार्कांचं ग्रेडमध्ये रूपांतर होताना काही माहिती कायमची गळून जाते. एका ग्रेडची हद्द ७० ते ७९ असेल तर ७० आणि ७९ एकाच रांगेत बसतात, आणि ६९ वाला एका मार्कासाठी एक अख्खा पॉइंट गमावतो. म्हणून टक्क्यांकडे परत जायची नैसर्गिक वाट नाही, ठरवून दिलेली सूत्रं आहेत, आणि ती वेगवेगळी आहेत. सीबीएसईनं दहावीला ग्रेड होत्या तेव्हा ९.५ नं गुणायला सांगितलं होतं. एआयसीटीईच्या तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के आणि ८.२५ म्हणजे ७५ टक्के, म्हणजेच ०.७५ वजा करून दहानं गुणायचं. आमच्या मुलीचा ८ घ्या. नुसतं दहानं गुणलं तर ८०, सीबीएसईच्या रीतीनं ७६, एआयसीटीईच्या रीतीनं ७२.५. फॉर्मवर ७५ टक्क्यांची अट असेल तर याच ८ वर एक मुलगा आत जातो आणि दुसरा बाहेर राहतो. त्यामुळे आपल्या विद्यापीठानं दिलेलंच सूत्र वापरा आणि त्याचं पत्रक फॉर्मला जोडा. अमेरिकेचा अर्ज भरणाऱ्यांनी दहाच्या पट्टीवरचा आकडा अडीचनं भागून चारवर आणू नये. तिथली बरीच विद्यापीठं मूळ पट्टीवरचाच आकडा मागतात.

त्या मुलीनं फेरतपासणीचा अर्ज घडी घालून वहीत ठेवला आणि दुसऱ्या सेमिस्टरच्या विषयांसमोर त्यांचे क्रेडिट लिहायला घेतले. गणित पुन्हा ४ क्रेडिटचंच होतं. तिनं त्याखाली दोन रेघा मारल्या.

पुढच्या भागात : इंटर्नलचे मार्क कुठून येतात आणि कुठे जातात.