इतिहास, व्हाया नगर

पुण्याहून संभाजीनगरला, मनमाडला किंवा शिर्डीला जाताना नगर लागतंच. गाडी स्टँडवर थांबते, आपण चहा घेतो आणि पुढे निघतो. इतिहासानं तरी या गावाशी वेगळं काय केलं? किती गोष्टी इथं घडल्या, इथून निघाल्या आणि नाव भलत्याच गावांचं झालं! आज जरा खाली उतरा. नगर आणि आसपासचा पसारा एका दमात फिरून येऊ.

झाडाच्या मुळाशी रथ
प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये झाडाची मुळं खणताना कुदळ धातूवर आदळली. मातीखालून निघाले हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला, माणूस हाकत असलेला रथ. सगळं कांस्याचं, मिळून साठ किलोंहून जास्त! रथ ४५ सेंटिमीटर लांबीचा आणि साडेतीन हजार वर्षांहून जुना मानला जातो. आज ही शिल्पं बघायची तर मोठ्या शहरांतली संग्रहालयं गाठावी लागतात.

खांबाला टेकून
शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. नेवाशात ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंद बाबांनी ती लिहून घेतली. ज्या खांबाला टेकून माउली बसले, तो 'पैसाचा खांब' आजही तिथं आहे. वारी आळंदीहून निघते, पण ज्ञानेश्वरी निघाली ती नेवाशातून.

बागेतून उगवलेलं शहर
२८ मे १४९० रोजी भिंगारजवळ निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमदनं बहमनी फौजेचा पराभव केला. इतिहासात या लढाईला 'बागेची लढाई' म्हणतात. विजयाच्या जागी त्यानं बाग आणि वाडा उभारला, १४९४ मध्ये शेजारी सीनेकाठी शहर वसवायला घेतलं. त्याच बागेभोवती पुढे भुईकोट किल्ला झाला. आणखी एक गंमत: या अहमदचे वडील मूळचे पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या घरातले, असं इतिहासकार फिरिश्तानं लिहून ठेवलंय.

तोफ नगरची, थाट विजापूरचा
विजापूरच्या बुरुजावरची 'मलिक-ए-मैदान' तोफ बघायला सहली जातात. सुमारे ५५ टन वजन, तोंडाशी जबडा वासलेला सिंह आणि त्याच्या दातांत हत्ती! ही तोफ १५४९ मध्ये नगरात ओतली गेली. तिथून परांड्याला गेली आणि १६३२ च्या सुमारास विजापूरला पोचली.

महाल तिचा नाहीच
१५९५ च्या अखेरीस शहजादा मुरादच्या मुघल फौजेनं किल्ल्याला वेढा घातला. सुरुंगानं तट फुटला, तेव्हा चांदबीबी हातात तलवार घेऊन खिंडारापाशी उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा बांधून काढला. मुघलांना तहावर थांबावं लागलं. नगरकरांचा तिच्यावर इतका जीव, की डोंगरावरच्या तीन मजली अष्टकोनी इमारतीला सगळे 'चांदबीबीचा महाल'च म्हणतात. खरं तर ती निजामशाहीचा वजीर सलाबत खान याची कबर आहे.

शहाजी नाव कुठून आलं?
मालोजीराजे भोसल्यांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला. दोन मुलं झाली आणि पिराच्या नावावरून त्यांची नावं ठेवली शहाजी आणि शरीफजी, असं परंपरा सांगते. पुढे १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडीत निजामशाहीच्या मलिक अंबरनं मुघल आणि आदिलशाही या दोन्ही फौजांना एकत्र धूळ चारली. शहाजीराजे त्या लढाईत गाजले, शरीफजी मात्र तिथंच कामी आले. शिवरायांच्या या काकांची आठवण काढायला भातवडीला जायला हवं.

बादशहाचा शेवटचा मुक्काम
मराठ्यांचं राज्य बुडवायला औरंगजेब दख्खनेत उतरला आणि सुमारे पंचवीस वर्षं झुंजला. मराठे हटले नाहीत, त्यालाही दिल्ली पुन्हा दिसली नाही. १७०७ मध्ये नगरला भिंगारच्या छावणीत त्यानं डोळे मिटले. दफन मात्र खुलदाबादला.

चिंचेखालचं जेवण
ऑगस्ट १८०३ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला. सेनापती होता आर्थर वेलस्ली. किल्ल्याबाहेरच्या चिंचेखाली बसून तो जेवला, अशी आठवण सांगतात. बारा वर्षांनी याच माणसानं वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. तोवर तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला होता.

शाळा बघायला आलेला तरुण
सिंथिया फरार या अमेरिकन बाई नगरात मुलींची शाळा चालवत. १८४८ मध्ये जोतीराव फुले ती बघायला आले, भारावून गेले आणि त्याच वर्षी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली. भिडेवाड्याला नमस्कार करताना त्यातला थोडा नगरकडेही वळवावा.

एका एप्रिलचे दोन नट
१६ एप्रिल १९१८ रोजी नगरात स्पाइक मिलिगन जन्मला. पुढे त्यानं 'द गून शो'मधून अख्ख्या इंग्लंडला हसवलं. नऊच दिवसांनी, २५ एप्रिलला, शाहू मोडक यांचा जन्म. मराठी ख्रिस्ती घरातल्या या मुलानं पडद्यावर कृष्ण इतक्यांदा साकारला, की लोक त्यालाच हात जोडत.

तुरुंगातल्या चिमण्या
ऑगस्ट १९४२ मध्ये 'छोडो भारत'ची हाक दिली गेली आणि नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद असे काँग्रेसचे बारा नेते थेट या किल्ल्यात आणले गेले. नेहरूंनी इथं बागकाम केलं आणि १९४४ मध्ये पाचेक महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहून काढलं. आझाद पहाटे उठून चहा करत आणि मित्राला पत्रं लिहीत. चहावर, खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यांवर. ती पत्रं टपालात पडायची सोय नव्हती. याच कोठडीत त्यांना कळलं, की कलकत्त्यात पत्नी गेली. पत्रांचं पुढे 'गुबार-ए-खातिर' झालं आणि उर्दू गद्याला एक लेणं मिळालं.

मौनातून निघालेलं गाणं
नगरजवळच्या अरणगावचे मेहेरबाबा १० जुलै १९२५ पासून ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत एक शब्दही बोलले नाहीत. त्यांचं 'डोन्ट वरी, बी हॅपी' हे वचन अमेरिकेत एका पोस्टरवर गायक बॉबी मॅकफेरिनला दिसलं. १९८८ मध्ये त्यानं त्याचं गाणं केलं आणि ते जगभर गुणगुणलं गेलं. मौनी बाबांचे शब्द, आणि जग त्यावर शीळ घालतंय!

आणि परत आलेली लेक
जामखेड तालुक्यातलं चौंडी. ३१ मे १७२५ ला इथं एक मुलगी जन्मली, होळकरांची सून होऊन माळव्यात गेली. महेश्वरहून राज्य केलं, काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट आणि देवळं बांधली. नगरातून निघालेल्या किती गोष्टी परक्या गावांच्या होऊन गेल्या. अहिल्याबाईंचं नाव मात्र २०२४ मध्ये घरी परतलं आणि जिल्ह्याच्या पाटीवर बसलं.

पुढच्या वेळी गाडी नगरला थांबली, की चहा संपवून लगेच चढू नका. किल्ला अगदी जवळ आहे.