लाकडी दस्त्याला वर-खाली होणारा गालटेकू : करवत लावण्याआधी हे बघा

बीड : १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक मिळवलं, गुण ४५१.४. तेव्हापासून खेड्यातली पोरंही एअर रायफलकडे वळली. पण मोबाइलवर दिसणारी ती ॲल्युमिनियमची रायफल आणि पोराच्या हातातली लाकडी दस्त्याची जुनी रायफल यात जमीन-अस्मानाचा फरक. त्या महागड्या रायफलीतली एक सोय मात्र गावातल्या सुतार मिस्त्रीकडूनही करून घेता येते. ती म्हणजे गालाखालचा वर-खाली होणारा टेकू. नेमबाज त्याला चीक पीस म्हणतात.

गाल टेकवायचं काम एवढं महत्त्वाचं का, ते आधी बघू. नेम धरताना मागच्या साइटचं भोक, पुढच्या साइटचं कडं आणि निशाण एका रेषेत यावं लागतं. मागच्या भोकामागे डोळा कुठे राहणार हे गालावर ठरतं. दस्ता खाली पडला की पोरगं मान ताणून डोकं अधांतरी ठेवतं, आणि दर गोळीला डोळा वेगळ्या जागी जातो. हिशोब सोपा आहे. दोन साइटमधलं अंतर ७५ सेंटीमीटर धरलं आणि त्यांची रेष एका मिलिमीटरने चुकली, तर १० मीटरवर गोळी साधारण १३ मिलिमीटर बाजूला जाते. १० मीटर एअर रायफलच्या निशाणावर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा असतो. म्हणजे दहाऐवजी गोळी थेट पाच-सहावर. पोराचा हात चांगला असूनही गुण का येत नाहीत, याचं उत्तर बऱ्याचदा इथंच असतं.

आता कायद्याची बाजू, कारण आपल्या जिल्ह्यात ती आधी बघायला पाहिजे. मस्साजोग प्रकरणानंतर बीडमध्ये शस्त्र परवान्यांची फेरतपासणी झाली आणि अनेक परवाने रद्द झाले. बंदूक म्हटलं की लोकांच्या भुवया उंचावतात, त्यात नवल नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंत नळी आणि २० ज्यूलपर्यंत ताकद असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. असल्या रायफलच्या लाकडावर सुताराने काम करायला हरकत नाही. पण परवान्याची बंदूक, मग ती शेतराखणीची का असेना, सुताराच्या दुकानात न्यायचीच नाही. परवान्याशिवाय बंदूक दुरुस्त करून देणं १९५९ च्या शस्त्र कायद्यात बसत नाही. त्यासाठी परवानाधारक बंदूक दुरुस्तीवालाच गाठावा. एनसीसीची किंवा क्लबची रायफल असेल तर ती आपली नाहीच, तिला करवत लावायचा विचारही नको. आणि एक. टेकू बसवून नेम सुधारला म्हणून तो पाटोद्याकडे नायगावच्या मोरांवर आजमावू नये. १९७२ चा वन्यजीव कायदा एअर रायफललाही तेवढाच लागू आहे.

कापाकापीच्या आधी फुकटातला प्रयोग करावा. जुन्या चपलेच्या तळव्याचे किंवा फोमचे तुकडे दस्त्यावर एकावर एक ठेवून चिकटपट्टीने बांधायचे. रायफल रिकामी आहे याची खात्री करून डोळे मिटायचे, रायफल खांद्याला लावायची, गालाचं वजन निवांत सोडायचं आणि मग डोळा उघडायचा. पुढचं कडं मागच्या भोकाच्या मधोमध दिसलं तर उंची बरोबर. वर-खाली दिसलं तर एखादा तुकडा कमी-जास्त करायचा. आठ-दहा दिवस असाच सराव केला तर नक्की माप कळतं. काहींचं एवढ्यावरच भागतं, मग लाकूड कापायची गरजच काय?

कापायचंच ठरलं तर नळी आणि यंत्रणा स्क्रू काढून वेगळी करून घरीच ठेवायची, सुताराकडे फक्त लाकूड न्यायचं. गाल टेकतो तो वरचा भाग बारीक पात्याच्या करवतीने एका तुकड्यात काढायचा. मूठ धरतो तिथून दोन-तीन बोटं मागे थांबायचं. तिथलं लाकूड आधीच निमुळतं असतं, रेषा तिरकी गेली की दस्ता मुठीतच चिरतो. खटका मागे ओढायची रायफल असेल तर तो पूर्ण मागे येऊन कुठवर पोहोचतो याची खूण आधीच करून ठेवायची, नाहीतर वर केलेला टेकू त्याला आडवा येतो.

काढलेल्या तुकड्याच्या पोटात ८ ते १० मिलिमीटरच्या दोन लोखंडी सळ्या बसवायच्या, दोघींत सहा-सात सेंटीमीटर अंतर. खालच्या लाकडात त्याच रेषेत दोन भोकं. खरी कसोटी इथं आहे. भोकं एकमेकांना समांतर आणि नळीला काटकोनात नसतील तर टेकू अडकतो. हातातल्या ड्रिलने हे जमत नाही, वेल्डिंगवाल्याकडचं बेंच ड्रिल वापरावं. भोकं आरपार जाऊ द्यायची नाहीत. आत पितळी नळीचे तुकडे बसवले तर पावसाळ्यात लाकूड फुगलं तरी सळी सरकते. मागच्या सळीला बाजूने एक स्क्रू द्यायचा आणि तो टेकतो तिथे सळी कानशीने थोडी सपाट करायची, म्हणजे टेकू फिरत नाही, घसरत नाही. दोन-तीन सेंटीमीटर उंची वाढली तरी पुष्कळ.

कापलेलं लाकूड उघडं ठेवू नये. पॉलिश पेपर मारून जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्यावेत, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा. स्पर्धेत उतरायचं असेल तर वजनही बघायचं, १० मीटर एअर रायफलला साडेपाच किलोची मर्यादा आहे.

शेवटी सळीवर दर दोन मिलिमीटरला बारीक खुणा करून त्यांना आकडे द्यावेत. घरात दोन भावंडं एकाच रायफलवर सराव करत असतील तर एकाचा आकडा ३, दुसरीचा ५, असं वहीत लिहून ठेवलं की रोज नव्याने अंदाज लावत बसावं लागत नाही.