आवृत्ती बघून घ्या

सकाळी साडेआठ

जुलै-ऑगस्टमध्ये गाळा साडेआठला उघडावाच लागतो. बाजीराव रस्ता अजून तुंबलेला नसतो आणि आदल्या रात्री आलेले गठ्ठे सोडायला हीच काय ती निवांत वेळ. अप्पा बळवंत चौकात नव्या पुस्तकांची मोठाली दुकानं आहेत. आमचं दुकान जुन्या पाठ्यपुस्तकांचं. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी बघते. इंजिनिअरिंग, सामाजिक शास्त्रं आणि इतिहास एवढंच ठेवतो. मेडिकल आणि कॉमर्सला जागा नाही.

सुतळी सोडली की पुस्तकाचं नाव मी सगळ्यात शेवटी बघते. आधी मुखपृष्ठामागचं पान: कितवी आवृत्ती, साल कोणतं, सुधारित आहे की नुसतं पुनर्मुद्रण. मग पाठीची शिवण. मग मधली पानं चाळायची, कारण परीक्षेच्या घाईत काही मुलं नेमकं हवं ते युनिट फाडून नेतात. पायरेटेड प्रत ओळखायची तर आकृत्या आणि घातांक बघावेत. चोरून छापलेल्या प्रतीत बारीक रेषा तुटतात आणि डोक्यावरचा 2 आहे की 3 ते कळत नाही. मुलगा रात्री दोन वाजता त्या एका आकड्यापायी अडून बसणार आणि चूक आपलीच आहे असं समजणार. अशी प्रत कितीही नवी दिसली तरी थेट रद्दीत जाते.

बाकीच्यांचे तीन ढीग होतात: चालू, बाद आणि ठेवणीतली. दुकानात कामाला नवीन आलेल्या मुलाला पहिल्या दोन ढिगांतला फरक लवकर कळतो. तिसरा समजायला वेळ लागतो.

साडेनऊ

भवानी बहुतेक इंजिनिअरिंगच्या पोरांकडूनच होते. आज बार्शीहून आलेले मायलेक होते. मुलाला पहिल्या वर्षाला प्रवेश मिळालेला, आईच्या हातात यादी.

"काकू, एफईचा सेट मिळेल का?"

"पॅटर्न कुठला, बाळा?"

हा प्रश्न पहिला विचारावा लागतो. पुणे विद्यापीठाचा इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम 2012, 2015, 2019 आणि आता 2024 असा बदलत आला, आणि दर बदलाला मुलं घाबरून मागचं सगळं टाकून देतात. नवा पॅटर्न आला म्हणजे युनिटं इकडची तिकडे होतात, गुणांची वाटणी बदलते. इंटिग्रेशन बदलत नाही. ग्रेवालचं गणित चाळिसाव्या आवृत्तीच्याही पुढे गेलंय, पण चार आवृत्त्या मागचं घेतलं तरी पहिल्या वर्षाचं काही अडत नाही. आणंदच्या चरोतर प्रकाशनाचं एन. डी. भट्ट यांचं ड्रॉइंग तसंच. मी त्या माउलींना सांगितलं, ही दोन जुनी घ्या, वाचलेल्या पैशात चांगला मिनीड्राफ्टर घ्या. गाईड मात्र चालू पॅटर्नचंच हवं, ते परीक्षेपुरतं असतं. निव्वळ गाईडवर चार वर्षं काढणारी मुलं मी बघते तेव्हा जीव तुटतो, कारण निम्म्या किमतीत मूळ पुस्तक समोरच्या फळीवर पडलेलं असतं.

आमचा हिशेब साधा. छापील किमतीच्या चौथ्या हिश्श्यात घेतो, निम्म्यात देतो. मुलं पुस्तक लेखकाच्या नावानं मागतात: खुर्मी आहे का, थेराजा द्या, बन्सल कितीला, पुनमियाचा सर्व्हेइंग. मशीन डिझाइनला 'भंडारी'. ते प्राध्यापक पुण्यातच विश्वकर्मा इन्स्टिट्यूटमध्ये मेकॅनिकलचे विभागप्रमुख होते. त्यांचं पुस्तक देशभर लागतं याचं इथल्या पोरांना कौतुक वाटतं, आणि मलाही.

अकराच्या सुमाराला सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाची एक मुलगी आली. तिनं फळीवरून पोलादी बांधकामाच्या डिझाइनचं जाड पुस्तक स्वतःच काढलं. बांधणी उत्तम, पानं स्वच्छ, किंमत नव्याच्या पाव. ते मी तिला दिलं नाही. ते पुस्तक आयएस 800 च्या 1984 च्या संहितेवर लिहिलेलं होतं. त्या पद्धतीत प्रत्यक्ष भार धरायचा आणि पोलादावर येणारा ताण परवानगीच्या मर्यादेत आहे का ते बघायचं. 2007 च्या संहितेनं हिशेबाची वाटच बदलली. आता आधी भार दीडपट करून धरतात, पोलादाच्या ताकदीला सुरक्षा गुणकानं भागतात आणि मग दोन्हींची तुलना करतात. तोच खांब, तीच तुळई, पण पहिल्या पायरीपासून गणित वेगळं. तिनं त्या पुस्तकावर अभ्यास केला असता तर सगळं मन लावून केलं असतं आणि सगळं चुकलं असतं.

मी बीए झालेली. हे मला काउंटरला उभ्या राहून पुस्तकं चाळणाऱ्या प्राध्यापकांनी शिकवलं, विचारत गेले तसं सांगत गेले. गणित म्हातारं होत नाही, संहितेवरचं पुस्तक एका दिवसात होतं, एवढं मात्र जुनी पुस्तकं विकणाऱ्याला यायलाच हवं. नाहीतर आपण स्वस्तात चुकीचं शिकवतो.

बारा

सदाशिव पेठ आणि नवी पेठेतल्या अभ्यासिका जेवायला सुटल्या की मेसला जाता जाता मुलं इकडे वळतात. राज्यसेवा, कम्बाइन, पीएसआय. कोणी धाराशिवचं, कोणी हिंगोलीचं, कोणी चंदगडचं. घरून येणाऱ्या पैशात खोली, मेस आणि अभ्यासिका भागवून जे उरतं त्यात पुस्तकं. त्यांना पुस्तक विकताना मी सगळ्यात जास्त सावध असते.

राज्यशास्त्राचं पुस्तक आलं की मी एकच गोष्ट उघडून बघते: राज्यं किती आणि केंद्रशासित प्रदेश किती लिहिलेत. 28 आणि 7 असेल तर पुस्तक तेलंगणाच्या आधीचं, म्हणजे जून 2014 पूर्वीचं. 29 आणि 7 असेल तर 2014 ते 2019 मधलं. 31 ऑक्टोबर 2019 ला जम्मू-काश्मीर आणि लडाख वेगळे झाले आणि आकडा 28 आणि 9 वर गेला. 26 जानेवारी 2020 ला दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एक झाले आणि 28 आणि 8 झाला. म्हणजे '28 आणि 9' छापलेलं पुस्तक अवघ्या तीन महिन्यांच्या काळातलं. मुखपृष्ठ फाटलेलं असो, आवृत्तीचं पान गेलेलं असो, या दोन आकड्यांवरून वय कळतं. मग पुढचं सांगता येतं: यात आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाची 2019 ची 103 वी घटनादुरुस्ती आहे का, 2023 ची महिला आरक्षणाची 106 वी आहे का. नसेल तर घटना कशी तयार झाली ते प्रकरण यातून वाच, बाकीचं नवीन घे, असं मी स्पष्ट सांगते. फौजदारी कायद्यांची जुनी पुस्तकं तर 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता लागू झाल्यापासून मी परीक्षार्थींना देतच नाही.

इतिहासाचं उलट आहे. इथं जुन्याला मागणी, आणि ती खुळचट नाही. एनसीईआरटीची जुनी पुस्तकं म्हटलं की मुलांचे डोळे चमकतात: प्राचीन भारतासाठी रामशरण शर्मा, मध्ययुगासाठी सतीश चंद्र, आधुनिक काळासाठी बिपन चंद्र. शर्मांचं 'एन्शंट इंडिया' 1977 साली अकरावीसाठी निघालं आणि दुसऱ्याच वर्षी जनता सरकारच्या काळात अभ्यासक्रमातून काढलं गेलं. पुढे ते परतही आलं. बालभारतीची जुनी इतिहासाची पुस्तकंही मुलं पाचवीपासून बारावीपर्यंत ओळीनं मागतात. लोकसेवा आयोगाचा पेपर काढणाऱ्यांच्या हाताशी हीच असतात, असा त्यांचा विश्वास.

मला स्वतःला वाटतं, इतिहासाची दोन आवृत्त्यांची पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत. नव्यात काय आलं आणि जुन्यातलं काय गेलं हे एकदा लक्षात आलं की मुलगा नुसतं पाठ करायचं सोडतो. हे मी सांगते तेव्हा काही जण घड्याळाकडे बघतात, काही जण दोन्ही घेतात.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली. 2023 च्या सुरुवातीला या बदलावरून पुण्यात मुलं रस्त्यावर बसली होती आणि त्यानंतर अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. वयाची अट डोक्यावर असलेल्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटत होतं. पण पुस्तकांच्या बाजूनं बघितलं तर बदल चांगला झाला. चार पर्यायांच्या परीक्षेला एक ठोकळा पुरायचा. आता उत्तर लिहायचं म्हणजे कारणं आणि परिणाम सलग माहीत हवेत, म्हणून ग्रोव्हर-बेल्हेकरांचं 'आधुनिक भारताचा इतिहास', जयसिंगराव पवारांची पुस्तकं, बीएच्या तिसऱ्या वर्षाची क्रमिक पुस्तकं पुन्हा हलायला लागली आहेत.

दोन

डबा खाऊन होईतो बाइंडर मामा येतात. सुटलेली पानं ते आधी क्रमानं लावतात, पाठीला भोकं पाडून दोऱ्यानं शिवतात, खळ लावून कापडी पट्टी चढवतात आणि प्रेसमध्ये आवळून ठेवतात. शिवताना आतल्या समासात किती घ्यायचं याचा त्यांचा हात बसलेला आहे. जास्त घेतलं तर समीकरणाचं पहिलं अक्षर शिवणीत जातं.

साडेतीन

आठवड्यातून एक-दोनदा या वेळेला घरी जाऊन पुस्तकं बघावी लागतात. आज एरंडवण्यात गेले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, आता मुलीकडे राहायला निघालेत. कपाट उघडलं आणि एका फळीवर तीन देशांची मदत दिसली. ब्रिटिश सरकारच्या पैशानं स्वस्त झालेली ईएलबीएसची पुस्तकं. अमेरिकी गव्हाच्या बदल्यात जमलेल्या रुपयांतून, म्हणजे पीएल-480 च्या निधीतून निघालेल्या अमेरिकी पाठ्यपुस्तकांच्या भारतीय आवृत्त्या. आणि मॉस्कोच्या मीर प्रकाशनाचं पिस्कुनोव्हचं कॅल्क्युलस, दणकट कापडी बांधणीचं. "विद्यार्थी असताना पगारदार बापालाही नवी विलायती पुस्तकं परवडत नव्हती," आजोबा म्हणाले, "ही परवडली म्हणून शिकलो." एका पिढीचं इंजिनिअरिंग या स्वस्त आवृत्त्यांवर उभं राहिलं, ही गोष्ट इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात यायला हवी, असं मला नेहमी वाटतं.

खालच्या कप्प्यात आयएस 456 ची 1978 ची काँक्रीटची संहिता होती. 2000 साली ती बदलली, त्यामुळे हाताखालच्या मुलानं ती बादच्या पिशवीत घातली. आजोबांनी ती परत काढली. "1985 साली बांधलेली इमारत या संहितेवर बांधलीय. तिची तपासणी करणाऱ्यानं ही बघायची नाही तर कोणती?" तीस वर्षांवरच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्यानं सक्तीची आहे आणि पुण्यात अशा इमारती गल्लोगल्ली आहेत. ठेवणीतला ढीग असतो तो याच्यासाठी. परत येताना रिक्षात मुलाला मी तेच समजावलं, आणि सकाळचं पोलादाचं पुस्तकही त्याच ढिगात ठेवायला सांगितलं.

सहा

कॉलेजं सुटली की दीड-दोन तास डोकं वर काढता येत नाही. गर्दीत एमए समाजशास्त्राची एक मुलगी हळूच विचारते, "ताई, यातले लोकसंख्येचे आकडे 2011 चे आहेत, जुने झाले ना?" झाले, पण देशाकडेच याहून नवी जनगणना नाही. 2021 ची झालीच नाही, पुढची 2027 ची. त्यामुळे समाजशास्त्र आणि भूगोलाची दहा वर्षं जुनी पुस्तकंही आकड्यांपुरती नव्यांच्या बरोबरीनं उभी आहेत. तिला इरावती कर्व्यांचं 'मराठी लोकांची संस्कृती' हवं होतं, तेही मिळालं.

तिच्या मागे उभा असलेला मुलगा एकच प्रकरण झेरॉक्स करू देता का म्हणून विचारत होता. मी देते. दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपीवर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी केलेला दावा दिल्ली उच्च न्यायालयानं 16 सप्टेंबर 2016 ला फेटाळला, तेव्हा या चौकात पेढे वाटावेत असं मला वाटलं होतं. शिकवण्यासाठी लागणारी प्रकरणं झेरॉक्स करणं हा गुन्हा नाही, हे त्यातून स्पष्ट झालं. अख्खं पुस्तक झेरॉक्स करून विकायचं मात्र आमच्याकडे चालत नाही. लेखकानं आयुष्यातली वर्षं घातलेली असतात.

साडेआठ

शटर अर्ध्यावर ओढून पार्सलं बांधतो. उद्गीरला सर्व्हेइंगचे दोन भाग, साकोलीला बीए इतिहासाचा सेट, रत्नागिरीला थेराजा. प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी जाते: आवृत्ती कोणती, यात काय चालेल, काय नव्यातून वाचावं लागेल. आज थेराजाच्या चिठ्ठीवर मुलानं स्वतःहून लिहिलं की दुसऱ्या खंडाची शेवटची आठ पानं शिवलेली आहेत, पण मजकूर पूर्ण आहे. मी पानं मोजून बघितली, आठच होती. बार्शीच्या मुलाला केमिस्ट्रीचं पुस्तक उद्या द्यायचं कबूल केलंय. ते मंडईजवळच्या आमच्या गोदामात आहे, म्हणून उद्या आठलाच निघायचं ठरलं.