संलग्न महाविद्यालयांतील पदवी-शिक्षणाची वार्षिक तपासणी

पदवी देणारी संस्था एक आणि प्रत्यक्ष शिकविणारी संस्था दुसरी, ही व्यवस्था आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यात काही विलक्षण आहे हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. चंदगड किंवा जत येथील महाविद्यालयात शिकलेल्या विद्यार्थ्याच्या पदवीपत्रावर शिवाजी विद्यापीठाची मुद्रा असते. कोल्हापूर शहरातील जुन्या व नामांकित महाविद्यालयातून आलेल्या विद्यार्थ्याच्या पदवीपत्रावरही तीच मुद्रा असते. विद्यापीठाने या दोघांनाही शिकविलेले नसते. त्यांच्या उत्तरपत्रिका तेवढ्या त्याच्या नजरेखालून गेलेल्या असतात. असे असता या दोन पदव्या सममूल्य आहेत अशी हमी विद्यापीठ कशाच्या आधारावर देते, आणि ती हमी खरी राहावी म्हणून वर्षाकाठी नेमके काय तपासले गेले पाहिजे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या व्यवस्थेचे मूळ १८५४ च्या वुडच्या खलित्यात आहे. त्यानुसार १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे जी विद्यापीठे स्थापन झाली त्यांचा आदर्श लंडन विद्यापीठ हा होता. लंडन विद्यापीठ त्या काळी शिकवीत नसे. संलग्न महाविद्यालयांत शिकून आलेल्यांची परीक्षा घेई व पदवी देई. गंमत अशी की, आपण हा आदर्श उचलला त्याच्या दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८५८ मध्ये, लंडनने वैद्यकशाखा वगळता महाविद्यालयात शिकण्याची अटच काढून टाकली. परीक्षा हेच जर प्रमाण, तर उमेदवार कोठे शिकला याच्याशी कर्तव्य काय, हा तर्क त्यामागे होता व तो आपल्या परीने सुसंगतही होता. आपण मात्र महाविद्यालयाची अट ठेवली, पण त्या महाविद्यालयात काय घडते हे जाणून घेण्याचे साधन जवळजवळ अर्धशतक निर्माण केले नाही. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने संलग्नतेच्या अटी कडक केल्या आणि महाविद्यालयांच्या पाहणीचा अधिकार विद्यापीठांना दिला. आज आपण ज्याला चौकशी समितीची भेट म्हणतो तिचा उगम येथे आहे, आणि तिचे काही दोषही त्याच काळापासून चालत आलेले आहेत.

कोल्हापूरचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. राजाराम महाविद्यालय १८८० मध्ये सुरू झाले तेव्हा ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते त्याच्या कक्षेत गेले, आणि १८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाल्यानंतर ते या विद्यापीठाकडे आले. ऐंशी-ब्याऐंशी वर्षांत एका महाविद्यालयाने तीन विद्यापीठांच्या पदव्यांसाठी विद्यार्थी तयार केले. पदवीपत्रावरील नाव बदलले म्हणून वर्गातील अध्यापन एका रात्रीत सुधारले किंवा बिघडले असे कोणी म्हणणार नाही. शिक्षणाचा कस महाविद्यालयात ठरतो. विद्यापीठ तो कस जाणू शकते, सुधारण्यास साहाय्य करू शकते, किंवा त्याविषयी अंधारात राहू शकते.

शिवाजी विद्यापीठाचा प्रारंभ ३४ संलग्न महाविद्यालये व सुमारे १४,००० विद्यार्थी यांनिशी झाला. त्या वेळी कार्यक्षेत्रात सोलापूर व रत्नागिरीचाही समावेश होता. पुढे रत्नागिरी व सिंधुदुर्ग मुंबई विद्यापीठाकडे गेले, २००४ मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झाले, आणि कोल्हापूर, सांगली व सातारा हे तीन जिल्हे उरले. क्षेत्र आकुंचन पावले तरी महाविद्यालयांची संख्या कित्येक पटींनी वाढली. चौतीस महाविद्यालयांची खबर प्राचार्यांच्या परिचयावर व अभ्यासमंडळाच्या बैठकीतील गप्पांवरही राखता येते. दोन-अडीचशेंच्या घरात गेल्यावर ते शक्य नाही. तेथे पद्धत लागते.

पद्धती नाहीत असे नाही. ज्यांची संलग्नता कायम झालेली नाही अशा महाविद्यालयांकडे स्थानिक चौकशी समिती जाते. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने (जिला सर्वजण 'नॅक' म्हणतात) मानांकित महाविद्यालयांनी दरवर्षी गुणवत्ता-हमी अहवाल पाठवावा असा दंडक घातला, आणि त्यासाठी प्रत्येक ठिकाणी अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष उभा राहिला. या दोन्ही उपक्रमांनी महाविद्यालयांना कागदपत्रांची शिस्त लावली, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि दोहोंत एक समान उणीव आहे. दोन्ही पद्धती महाविद्यालय तपासतात. पदवीचा अभ्यासक्रम तपासत नाहीत. 'अमुक महाविद्यालयाची स्थिती काय' याचे उत्तर त्यांतून मिळते. 'अमुक महाविद्यालयात पदवीच्या विद्यार्थ्याला अर्थशास्त्र कसे शिकविले जाते आणि तेच शेजारच्या तालुक्यात कसे शिकविले जाते' याचे मिळत नाही. एकाच इमारतीत इतिहासाचा वर्ग उत्तम व रसायनशास्त्राची प्रयोगशाळा रिकामी असू शकते; महाविद्यालयाची एकच श्रेणी या दोहोंना झाकून टाकते.

प्रस्तुत लेखकाला अशा एका समितीचा सभासद म्हणून काम करण्याचा योग आला होता. सकाळी अकराला समिती पोहोचली. वर्गखोल्यांची लांबी-रुंदी, अग्निशमन साधने, मुलींसाठी स्वतंत्र खोली, ग्रंथसंख्या या सर्वांवर रीतसर खुणा झाल्या. ग्रंथालयातील दाखल-नोंदवहीत पुस्तकांची संख्या अटीपेक्षा थोडी अधिकच भरली. जेवणानंतर थोडा वेळ मोकळा होता, म्हणून सहज देवघेवीची नोंदवही चाळली, तेव्हा असे दिसले की ज्या विषयाची संलग्नता आम्ही तपासत होतो त्या विषयातील बहुतेक संदर्भग्रंथ सबंध वर्षात एकदाही बाहेर गेले नव्हते. आमच्या नमुन्यात ही गोष्ट लिहिण्यास रकाना नव्हता. अहवाल अनुकूल गेला, आणि तो नियमाप्रमाणे योग्यच होता.

इंग्लंडमध्ये पॉलिटेक्निक संस्थांना स्वतःचा पदवीदानाचा अधिकार नव्हता. त्यांच्या विद्यार्थ्यांना पदव्या देण्यासाठी १९६४ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक पुरस्कार परिषद निर्माण झाली व ती १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांपर्यंत टिकली. तिने मान्यतेचा घटक म्हणून संस्था न घेता अभ्यासक्रम घेतला. एकाच संस्थेतील एक अभ्यासक्रम संमत होई, दुसरा परत पाठविला जाई. प्रत्येक अभ्यासक्रमास बाहेरचे परीक्षक असत. हे बहिस्थ परीक्षक आपल्याकडील परीक्षकांप्रमाणे गुण देऊन मोकळे होत नसत. विद्यार्थ्यांच्या कामाची पातळी अन्यत्र दिसणाऱ्या पातळीशी जुळते की नाही, याविषयी त्यांना वर्षाअखेर लेखी अभिप्राय द्यावा लागे. ही प्रथा मुळात १८३२ मध्ये स्थापन झालेल्या डरॅम विद्यापीठाची. आपल्या पदवीची प्रतिष्ठा सिद्ध करण्यासाठी त्याने ऑक्सफर्डचे परीक्षक आणले होते.

याच्या उलट उदाहरण वेल्स विद्यापीठाचे आहे. देशोदेशीच्या संस्थांतील अभ्यासक्रमांना हे विद्यापीठ आपली पदवी देत असे. भागीदार संस्थांची संख्या वाढत गेली, देखरेख तिच्या मागे पडली, काही संस्थांविषयी गंभीर गोष्टी उघडकीस आल्या, आणि २०११ मध्ये इतर संस्थांना पदवी देण्याचा व्यवहारच थांबविण्याचा निर्णय विद्यापीठाला जाहीर करावा लागला. त्यात सर्वांत अधिक हानी प्रामाणिकपणे शिकलेल्या विद्यार्थ्यांची झाली, कारण एका संस्थेच्या दोषाचा डाग सर्वांच्या पदवीवर पडतो.

आता आपल्याकडे वार्षिक तपासणी कशाची करावी याकडे वळू. पहिला विचार निकालाच्या टक्केवारीचा येतो, आणि येथेच मोठी सावधगिरी बाळगावयास हवी. समजा, एखाद्या विषयात उत्तीर्णांचे दीर्घकालीन प्रमाण शंभरांत ७० आहे. वीस विद्यार्थ्यांच्या वर्गात सरासरीने १४ उत्तीर्ण व्हावेत. परंतु संभाव्यतेच्या नियमानुसार येथील प्रमाण-विचलन दोनांहून किंचित अधिक आहे. म्हणजे अध्यापनात तिळमात्र बदल न होता एका वर्षी १२ व दुसऱ्या वर्षी १६ उत्तीर्ण होणे अगदी स्वाभाविक आहे. टक्केवारीच्या भाषेत हा निकाल ६० वरून ८० वर गेला! प्राचार्य अभिनंदनाचा ठराव करतील, आणि पुढील वर्षी तो ६५ वर आला की खुलासा मागतील. दोन्हींस काही अर्थ नाही. दोनशे विद्यार्थ्यांच्या वर्गात हेच विचलन सुमारे साडेसहा विद्यार्थी, म्हणजे टक्केवारीत तीनच्या आसपास असते. तेथे दहा टक्क्यांची घसरण खरोखर दखल घेण्याजोगी. लहान महाविद्यालयांसाठी उपाय हा की, लागोपाठ तीन वर्षांचे विद्यार्थी एकत्र धरावेत. वीसचे साठ झाले की विचलन टक्केवारीत दहावरून सहाच्या खाली येते. ग्रामीण भागातील पुष्कळ विशेष विषयांचे वर्ग या लहान आकाराचे असल्यामुळे हा मुद्दा केवळ गणिताचा नाही. वर्षागणिक टक्केवारीवरून त्यांना शाबासकी किंवा दटावणी देणे हा अन्याय आहे.

टक्केवारीपेक्षा अधिक बोलका पुरावा विद्यापीठाच्या हाती दरवर्षी येतो व वाया जातो. उत्तरपत्रिकेच्या मुखपृष्ठावर परीक्षक प्रश्नवार गुण लिहितो; पुढे गुणपत्रकात जाते ती फक्त बेरीज. एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना संख्याशास्त्राच्या पत्रिकेत पहिल्या तीन घटकांवरील प्रश्नांत बरे गुण आहेत आणि शेवटच्या घटकावरील प्रश्न बहुतेकांनी सोडूनच दिला आहे, असे आढळले तर तो घटक वर्गात झालाच नाही, असा संशय घेण्यास जागा आहे. पाच-पन्नास महाविद्यालयांत तसेच आढळले, तर दोष महाविद्यालयांचा नसून अभ्यासक्रमाचा आहे. सत्रात न मावणारा मजकूर अभ्यासमंडळाने घातला आहे. हा भेद बेरजेतून कधीच कळत नाही. त्याचप्रमाणे जेथे लेखी परीक्षेस ८० व अंतर्गत मूल्यमापनास २० अशी विभागणी असते, तेथे दोहोंची तुलना करावी. वर्गातील सर्वांना अंतर्गत १८ किंवा १९ आणि लेखी गुण मात्र वीसपासून सत्तरपर्यंत विखुरलेले, असे चित्र दिसले तर अंतर्गत मूल्यमापन झालेले नाही, केवळ गुणदान झाले आहे.

आकड्यांच्या जोडीला वर्गाची हकीकत हवी. विषय कोणी शिकविला, किती तासिका झाल्या, आणि शिक्षक केव्हा रुजू झाला? तासिका तत्त्वावर नेमलेला अध्यापक सत्र निम्मे सरल्यावर येतो व पुढील वर्षी त्याच्या जागी दुसराच असतो, ही गोष्ट आपल्या भागात अपवादात्मक राहिलेली नाही. तिचा उल्लेख वार्षिक अहवालात टाळला जातो, कारण पदे रिक्त आहेत असे लिहिणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे, असे महाविद्यालयास वाटते. ही भीती निराधार नाही. म्हणून प्रस्तुत लेखकाचे मत असे की, तपासणीतील प्रत्येक निष्कर्षापुढे तो कोणाच्या आवाक्यातील आहे हे लिहिले गेले पाहिजे: अध्यापकाच्या, महाविद्यालयाच्या, अभ्यासमंडळाच्या की शासनाच्या. शासनाने पद मंजूर न केल्याबद्दल प्राचार्यांना जाब विचारणारी तपासणी खोटी माहिती निर्माण करते, आणि तीन वर्षांत सगळे अहवाल एकसारखे निर्दोष दिसू लागतात.

दुसरी अट अशी की अहवालाला उत्तर मिळाले पाहिजे. महाविद्यालयाने लिहिलेले विद्यापीठाच्या कपाटात जाते आणि पुढील वर्षी तोच नमुना पुन्हा भरावयास येतो, असा अनुभव आल्यावर कोणता विभागप्रमुख तो मनापासून भरील? एका विषयाचे सर्व महाविद्यालयांचे अहवाल अभ्यासमंडळापुढे एकत्र यावेत, त्यांवर एक दिवस चर्चा व्हावी, आणि प्रत्येक महाविद्यालयास त्याचे स्थान व मागील वर्षीच्या सूचनांचे काय झाले हे दोन पानांत कळवावे. अभ्यासमंडळात महाविद्यालयीन अध्यापक असतातच. हे काम त्यांच्याहून चांगले कोण करील? आपल्याच महाविद्यालयाचा विचार होत असताना त्यांनी बाजूस बसावे, इतके पथ्य पुरे.

हा विचार आजच करण्याचे कारण आहे. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने निवडक महाविद्यालयांना स्वायत्तता द्यावी असे सुचविले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्यापुढे जाऊन संलग्नतेची पद्धतच पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवावी असे म्हटले आहे. स्वायत्त महाविद्यालये आजही आपल्या प्रश्नपत्रिका स्वतः काढतात. त्यांची संख्या वाढेल तसतशी सामायिक परीक्षा हे तुलनेचे एकमेव साधन हातातून निसटत जाईल, आणि पंधरा-वीस विद्यार्थ्यांचा वर्ग असलेल्या तालुक्याच्या महाविद्यालयाची पदवी बाहेरच्या जगाने कशावरून ओळखावी हा प्रश्न उभा राहील. सामायिक प्रश्नपत्रिका अजून आहेत तोवर एक विषय व दहा महाविद्यालये घेऊन प्रश्नवार गुणांची तीन वर्षांची नोंद करून ठेवता येईल. एम. ए. किंवा एम. एस्सी.च्या दोन विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकेला पुरेल एवढेच हे काम आहे. परीक्षा विभागाची परवानगी लागेल, विद्यार्थ्यांची नावे व आसनक्रमांक वगळावे लागतील, आणि उत्तरपत्रिका जतन करण्याची मुदत संपण्यापूर्वी आकडे उतरून घ्यावे लागतील.