भाकरीचा दुसरा दिवस

परभणी जिल्ह्यातील ज्वारी खाणाऱ्या घरांत रात्रीच्या स्वयंपाकाला दोन-चार भाकरी जास्तीच्या भाजून ठेवण्याची रीत जुनी आहे आणि या भाकरी अंदाज चुकल्यामुळे उरत नसत, तर सकाळी लवकर शेताकडे निघणाऱ्या माणसाच्या न्याहारीसाठी मुद्दाम उरवल्या जात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील ६० टक्के वाटा घरगुती स्वयंपाकघरांचा होता. अशा काळात उरवण्याची ही रीत नीट समजून घेण्याजोगी आहे, कारण तिच्यामागे ज्वारीच्या गुणधर्मांचे बारकाईने केलेले निरीक्षण आहे.

ज्वारीच्या पिठात ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या कणकेला ताण देणारे प्रथिन, नसते. त्यामुळे हे पीठ उकळत्या पाण्यात भिजवले की त्यातील स्टार्चचे काही कण फुगून चिकट होतात आणि त्या चिकटपणाच्या आधारावर भाकरी थापता येते. पिठाच्या या धरून ठेवण्याच्या गुणाला विरी म्हणतात, आणि दळून फार दिवस झालेल्या पिठाची विरी गेली की भाकरी कडेला चिरते, हे प्रत्येक सुगरणीला ठाऊक असते. तव्यावर स्टार्च फुगण्याचे काम पुढे सरकते. मात्र भाकरी निवू लागताच उलटी क्रिया सुरू होते, म्हणजे मोकळ्या झालेल्या स्टार्चच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगून घट्ट, स्फटिकासारख्या रचनेत बसू लागतात आणि भाकरी कडक होते. हे निव्वळ वाळणे नव्हे, कारण झाकून ठेवलेली भाकरीही कडक होतेच. ही क्रिया ४ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे नेमकी फ्रीजच्या तापमानाला, सर्वांत वेगाने घडते. त्यामुळे एका रात्रीपुरती भाकरी ठेवायची असेल तर कापडात गुंडाळून दुरडीत ठेवण्याची जुनी पद्धतच अधिक योग्य ठरते.

कडक झालेली भाकरी ६० अंशांच्या वर, ओलाव्यासह, पुन्हा तापवली तर स्टार्चची ही घट्ट रचना बरीचशी सुटते, आणि शिळ्या भाकरीचे कुटके याच तत्त्वावर होतात. भाकरीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे मोडून घ्यायचे, तेलात मोहरी, जिरे, ठेचलेला लसूण आणि कांदा परतून हळद-तिखट घालायचे, त्यात तुकडे टाकून पाण्याचा किंवा ताकाचा हबका मारायचा आणि झाकण ठेवून एक दणदणीत वाफ काढायची. वरून शेंगदाण्याचे कूट. भाकरी फार बारीक चुरली तर ती सारे पाणी एकदम पिऊन लगदा होते, तर मोठ्या तुकड्यात वरचा भाजलेला पापुद्रा चिवट राहतो आणि आतला भाग मऊ होतो, म्हणून मोडण्याचे माप हे या पदार्थात तिखट-मिठाइतकेच महत्त्वाचे आहे. उन्हाळ्यात चूल न पेटवताही काम भागते: भाकरी ताकात चुरायची, मीठ घालून थोडी भिजू द्यायची आणि कच्चा कांदा व ठेचा तोंडी लावायचा.

थंड झालेल्या स्टार्चचा काही भाग लहान आतड्यात पचत नाही, तो मोठ्या आतड्यात पोचून तेथील जिवाणूंचे अन्न होतो आणि त्याला रोधक स्टार्च म्हणतात. हा गुण खरा आहे. परंतु तेवढ्यावरून शिळी भाकरी म्हणजे मधुमेहाचे औषध असा जो प्रचार होतो तो अतिरंजित आहे, कारण हे प्रमाण मर्यादित असते आणि भाकरी मुख्यतः स्टार्चचीच राहते.

परभणी शहरात १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले, तेच आजचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. ते वर्ष महाराष्ट्राच्या भीषण दुष्काळाचे होते आणि रेशनवर आलेल्या लाल मिलोच्या, म्हणजे अमेरिकेतून आणलेल्या ज्वारीच्या, भाकरीची आठवण जुन्या पिढीत अजून आहे. याच विद्यापीठाने हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेला, लोह आणि जस्त अधिक असलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण २०१८ मध्ये प्रसारित झाला. दाण्यावर असे काम होत असताना जिल्ह्याच्या खरिपात मात्र ज्वारीची जागा सोयाबीनने आणि कापसाने घेतली, आणि त्याबरोबर ताटही बदलले.

हा बदल शिळ्या अन्नाच्या संदर्भात काळजीचा आहे. पातळ थापलेली, दोन्ही बाजूंनी भाजलेली भाकरी मुळात कोरडी असते आणि मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो तेव्हा परभणीच्या कोरड्या हवेत ती नासण्याआधी वाळून जाते. पावसाळ्यात बुरशी दिसली तर मात्र तेवढाच भाग काढून चालत नाही, कारण बुरशीचे तंतू आतवर पसरलेले असतात. बदललेल्या ताटातल्या भाताचे गणित वेगळे आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य गटातील कुटुंबांना माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते, त्यात गहू आणि तांदूळच प्रामुख्याने असतात. तांदळावरील बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, उबदार ओल्या भातात ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेल्या उलटी आणणाऱ्या विषावर सकाळच्या फोडणीचाही परिणाम होत नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला भाकरीचा न्याय लावणे म्हणूनच धोक्याचे आहे. उरलेला भात ताटात पसरून लवकर निववावा, लगेच फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. वरणालाही हेच लागू आहे.

उरलेले गुरांना घालण्याची सवय चांगली समजली जाते, आणि भाकरीच्या एखाद-दुसऱ्या तुकड्याने बिघडत काहीच नाही. लग्नाच्या पंगतीनंतर उरलेला भात, पोळ्या किंवा बुंदी पाट्या भरभरून गाईपुढे ओतली जाते तेव्हा मात्र तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात स्टार्च आणि साखर झपाट्याने आंबून आम्ल वाढते, पोटाची हालचाल मंदावते, जनावर चारा सोडून बसते आणि उपचार वेळेवर न मिळाल्यास दगावते. असे अन्न आधीच खाल्ले गेले असेल तर लक्षणे दिसण्याची वाट न पाहता पशुवैद्यकाला बोलवावे, आणि पंगतीचे उरलेले अन्न कंपोस्टच्या खड्ड्यात पालापाचोळ्याबरोबर थराथराने घालावे.