चांदोबाची साडेअठरी

शनीची साडेसाती घराघरात ठाऊक, पण चंद्राची साडेअठरी कुणाच्या गावीही नसते! सूर्याला उत्तर-दक्षिण फेरीसाठी वर्ष लागतं. चंद्र तोच उद्योग 27 दिवसांत उरकतो. दर महिन्याला एक उत्तरायण, एक दक्षिणायन, तेही तिळगूळ न वाटता.

सूर्याची हद्द ठरलेली आहे. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साडेतेवीस अंश, की माघारी. चंद्राची कक्षा सूर्याच्या वाटेशी सुमारे 5 अंशांनी तिरकी असते आणि या तिरकेपणाची दिशाही 18.6 वर्षांत एक फेरी मारते. म्हणून काही वर्षं चंद्र साडेअठ्ठावीस अंशांपर्यंत धाव घेतो, तर काही वर्षं सव्वाअठरावरच परततो. मोठी झेप 2006 मध्ये झाली, मग 2024-25 मध्ये, पुढची 2043 च्या सुमारास. छोटी 2015 मध्ये होती, आता 2034 मध्ये.

हे बघायला दुर्बीण लागत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बिद्रीत तर दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याची चिमणी उभीच आहे. ती पूर्वेला येईल असा शेताचा बांध किंवा गच्चीचा कोपरा पकडा. दर वेळी मात्र तीच जागा हवी! चिमणी किलोमीटरभर लांब असेल, तर सतरा-अठरा मीटर सरकलात की एका अंशाने चुकलात. बिद्रीतून मोठ्या झेपेचा चंद्र नेमक्या पूर्वेच्या 30 अंश उत्तरेला उगवतो, छोट्या झेपेचा 19 अंशांवर. मधलं अंतर हात लांब करून धरलेल्या मुठीएवढं. सर्वांत सोयीची वेळ म्हणजे मार्गशीर्ष-पौषाची पौर्णिमा: चंद्र उत्तर टोकाशी, उगवतो दिवेलागणीला आणि गळीत हंगामही ऐन भरात. फक्त चिमणीच्या धुराने चंद्र झाकू नये एवढंच.

चंद्र टोकाला कधी पोचतो, ते भिंतीवरच्या पंचांगात बघावं. मृगाच्या शेवटी, आर्द्रेच्या तोंडाशी आला की उत्तर टोक. मूळ नक्षत्रात गेला की दक्षिण टोक.

झेप मोठी की छोटी, हेही पंचांगच सांगतं, राहूच्या रकान्यात! राहू-केतू म्हणजे चंद्राची वाट सूर्याची वाट ओलांडते ते दोन बिंदू. दीड वर्षात एक रास, तीही उलट्या चालीने. बारा राशींना साडेअठरा वर्षं. राहू मीनेत असला की मोठी झेप, कन्येत असला की छोटी. 2024 मध्ये तो मीनेत होता, 2015 मध्ये कन्येत. पत्रिकेत राहू काय करतो ते ज्योतिषी जाणोत. आकाशात त्याचं हे काम रोकडं आहे.

बिद्रीचा अक्षांश साडेसोळा अंशांच्या जरा अलीकडे, त्यामुळे मोठ्या झेपेत चंद्र डोक्यावरूनही 12 अंश उत्तरेला सरकतो. तेव्हा साडेपाच फुटी माणसाची मध्यरात्रीची सावली दक्षिणेला सव्वा फूटभर पडते. 2034 च्या सुमारास तीच दोन-अडीच इंचांवर येईल.

दक्षिणेकडची गंमत वटपौर्णिमेला. 2025 च्या वटपौर्णिमेचा चंद्र मोठ्या झेपेतला, तरी बिद्रीत तो अर्ध्या आभाळापर्यंत चढणारच होता (ढगांनी दिसू दिला तर). स्कॉटलंडच्या लुईस बेटावर कॅलनिशला मात्र असा चंद्र क्षितिजावर जेमतेम तीन अंश उचलतो आणि डोंगररांगेला घासत जातो. तिथे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या उभ्या शिळा आहेत. अमेरिकेत कोलोरॅडोत तर साक्षात ‘चिमणी’च: चिम्नी रॉक. तिथल्या दोन सुळक्यांच्या फटीतून चंद्र उगवताना दिसतो, तो मोठ्या झेपेच्या काळातच. शेजारच्या प्राचीन वास्तूतल्या लाकडांची वर्तुळं मोजून 1076 आणि 1093 ही सालं निघाली. दोन्ही मोठ्या झेपेच्या आसपासची!

कोल्हापुरात अंबाबाईचा किरणोत्सव नोव्हेंबरात 9 ते 11 आणि पुन्हा 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी. मावळता सूर्य मूर्तीच्या रेषेत वर्षातून दोनदाच येतो. चंद्र महिन्यातून दोनदा मावळतीला त्याच दिशेने जातो, झेप मोठी असो वा छोटी. पण पौर्णिमेचा प्रकाशही सूर्याच्या सुमारे चार लाखांश, तेव्हा उत्सव कोण मांडणार?

आणि रोहिणी? चंद्राची लाडकी बायको, पण भेट तीही साडेअठरीच्या हिशेबाने. 2015 ते 2018 या काळात चंद्र दर फेरीत तिला झाकत होता, जगात कुठून ना कुठून ते दिसायचं. पुढची पाळी 2033 ला. 2023 पासून 2029 पर्यंत मान कृत्तिकेचा.